काटकसरीतील सर्जन : दूरचित्रवाणीवरील कार्टून मालिकांच्या निर्मितीप्रक्रियेचा समीक्षात्मक विचार

प्रास्ताविक

दूरचित्रवाणीवरील कार्टून मालिका हा विषय आपल्याकडील समीक्षेने फारशा गांभीर्याने घेतलेला नाही. चित्रपट, नाटक, जाहिरात, इतकेच काय दूरदर्शनवरील कौटुंबिक मालिका यांच्याविषयी अभ्यासपूर्ण लेखन झाले आहे. कार्टूनचा उल्लेख मात्र बहुधा बालमानसशास्त्राच्या किंवा बालकांवरील दुष्परिणामांच्या चर्चेतच आढळतो. या उपेक्षेमागे दोन गृहीतके असावीत. कार्टून हे केवळ मुलांचे मनोरंजन आहे, हे पहिले. दूरचित्रवाणीवरील कार्टून हा कारखान्यातून निघणारा माल असून त्यात कलावंताच्या निर्मितीला वाव नाही, हे दुसरे. पहिल्या गृहीतकाचे खंडन सोपे आहे. दुसरे मात्र सहज झटकून टाकता येण्यासारखे नाही, कारण त्यात तथ्याचा अंश आहे. प्रस्तुत लेखात या दुसऱ्या गृहीतकाचाच परामर्श घ्यावयाचा आहे.

प्रश्न असा मांडता येईल : जी कलाकृती शेकडो हातांनी, ठरावीक मुदतीत, अपुऱ्या पैशात आणि श्रमविभागणीच्या तत्त्वावर तयार होते, तिच्यातील सर्जन नेमके कोठे असते? ते लेखकाच्या संहितेत असते, चित्रकाराच्या रेषेत असते, आवाज देणाऱ्या नटाच्या कंठात असते, की या सर्वांच्या संयोगात? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी अमेरिकेतील हॅना-बार्बेरा या संस्थेची कामगिरी, जपानमधील ओसामु तेझुका यांचा प्रयोग आणि 'द सिम्पसन्स' ही मालिका अशी तीन उदाहरणे विचारात घेतली आहेत. अखेरीस भारतीय संदर्भाचा थोडक्यात विचार केला आहे.

चौकटींचे गणित

ॲनिमेशनच्या सौंदर्यविचाराची सुरुवात गणितापासून करावी लागते. चित्रपटात एका सेकंदास चोवीस चौकटी पडद्यावरून सरकतात. सात मिनिटांच्या लघुपटास त्यामुळे १०,०८० चौकटी लागतात. एक चित्र दोन चौकटींसाठी वापरण्याची पद्धत स्वीकारली, तरी सतत हालणाऱ्या एका पात्रासाठी ५,०४० चित्रे काढावी लागतील. पात्रे दोन असतील तर ही संख्या दुप्पट होते. त्यानंतर प्रत्येक चित्र पारदर्शक सेल्युलॉइडच्या ताव्यावर शाईने गिरविणे, मागील बाजूने रंगविणे आणि पार्श्वचित्रावर ठेवून एकेक चौकट छायांकित करणे ही कामे उरतातच. शाई आणि रंगाच्या या विभागात हॉलिवुडमध्ये प्रामुख्याने स्त्रिया काम करीत असत व त्यांची नावे श्रेयनामावलीत क्वचितच येत, ही बाबही येथे नोंदविली पाहिजे.

चित्रपटगृहांसाठी तयार होणाऱ्या लघुपटांना हा खर्च परवडत होता. विल्यम हॅना (१९१०-२००१) आणि जोसेफ बार्बेरा (१९११-२००६) यांनी एमजीएम या संस्थेत १९४० पासून टॉम आणि जेरी या जोडीवर लघुपट केले व त्यांना सात ऑस्कर पारितोषिके मिळाली. या भागीदारीत कथा रचणे व रेखाटने करणे हे काम प्रामुख्याने बार्बेरा यांचे आणि हालचालींचा कालावधी ठरविणे हे हॅना यांचे, अशी विभागणी होती. १९५७ साली एमजीएमने आपला कार्टून विभाग बंद केला. त्याच वर्षी या दोघांनी स्वतःची संस्था काढून दूरचित्रवाणीसाठी 'द रफ अँड रेडी शो' ही मालिका सुरू केली. चित्रपटगृहातील एका लघुपटासाठी हजारो डॉलरांचे अंदाजपत्रक व काही महिन्यांचा अवधी मिळत असे; येथे पाच मिनिटांच्या भागासाठी तीन हजार डॉलरच्या आसपास रक्कम हाती पडत होती आणि भाग दर आठवड्याला द्यावयाचा होता. जुन्या पद्धतीने हे काम होणे अशक्य होते.

मर्यादित ॲनिमेशन : निवड आणि सक्ती

या अडचणीतून जी पद्धत रूढ झाली तिला मर्यादित ॲनिमेशन असे म्हणतात. पात्राचे संपूर्ण शरीर दर वेळी नव्याने न काढता धड स्थिर ठेवणे व केवळ तोंड, हात किंवा डोळे हलविणे, चालण्याचे व धावण्याचे एकच चक्र पुन्हा पुन्हा वापरणे, तेच पार्श्वचित्र सरकवीत राहणे ही तिची प्रमुख वैशिष्ट्ये होत. योगी अस्वलाच्या गळ्यातील कॉलर व टाय हा वेशभूषेचा भाग वाटतो. वस्तुतः मान आणि धड यांमधील सांधा झाकण्याची ती युक्ती आहे. डोके वेगळ्या ताव्यावर आणि धड वेगळ्या ताव्यावर असल्याने बोलताना केवळ डोके हलविता येत असे.

मर्यादित ॲनिमेशन हे हॅना-बार्बेरा यांनी शोधून काढले, असा समज आहे. तो बरोबर नाही. डिस्नेच्या संस्थेत १९४१ साली झालेल्या संपानंतर तेथून बाहेर पडलेल्या काही चित्रकारांनी यूपीए ही संस्था उभी केली. तिने १९५० साली सादर केलेल्या 'जेराल्ड मॅकबॉइंग-बॉइंग' या लघुपटात पार्श्वभूमी जवळजवळ नाहीशी केली होती, रंग सपाट ठेवले होते आणि हालचाल मोजकी केली होती. त्यामागे पैशाच्या अडचणीपेक्षा दृष्टीची प्रेरणा मोठी होती. वास्तवाचे अनुकरण करणाऱ्या डिस्नेच्या शैलीला आधुनिक चित्रकलेच्या अंगाने दिलेले ते उत्तर होते. यूपीएने जे निवड म्हणून केले, ते हॅना-बार्बेरा यांना सक्ती म्हणून करावे लागले.

समीक्षकांनी हा भेद बऱ्याचदा मूल्यभेद म्हणून मांडला आहे. निवडीतून आलेली साधेपणाची शैली ती कला आणि सक्तीतून आलेली ती तडजोड, असा हा युक्तिवाद आहे. तो पुरेसा टिकणारा नाही. ओवी, दोहा किंवा सुनीत यांची बंधने कवीने स्वीकारलेली असतात, तर रंगभूमीवर दिव्यांचा व नेपथ्याचा तुटवडा हा पुष्कळदा लादलेला असतो. पण लादलेल्या बंधनातूनही रंगभाषा घडते, हे आपल्याकडील लोकनाट्याच्या अभ्यासकाला वेगळे सांगावयास नको. तमाशातील सोंगाड्या रंगमंचाला एक फेरी मारतो आणि गाव बदलतो. तेथे नेपथ्याच्या अभावाचेच संकेतात रूपांतर झालेले असते. म्हणून बंधन कोठून आले, हा प्रश्न दुय्यम होय. बंधनाचे पुढे काय झाले, हा समीक्षेचा खरा प्रश्न आहे.

या संदर्भात एक तपशील महत्त्वाचा ठरतो. एमजीएममध्ये असताना हॅना आणि बार्बेरा पूर्ण चित्रणाला हात घालण्यापूर्वी मोजक्या मुद्रांच्या कच्च्या रेखाटनांची एक चाचणी-फीत तयार करीत. विनोद जमतो की नाही, क्षण किती लांबवावयाचा, हे त्या फितीवर पारखले जाई. दूरचित्रवाणीसाठी काम करताना त्यांनी या कच्च्या फितीच्या तत्त्वालाच पक्के रूप दिले. विनोदाचा सांगाडा मुद्रांमध्ये आणि त्यांच्यातील कालांतरात असतो, मधली चित्रे त्याला मांसलता देतात, या अनुभवावर ही पद्धत उभी होती. तिला केवळ काटछाट म्हणणे अपुरे होय. काय कापले तरी विनोद जिवंत राहील, याचा निर्णय घेण्यासाठी दीड तपाहून अधिक काळाची तालीम गाठीशी असावी लागते.

ध्वनीचे स्थान

हालचाल कमी झाली की तिची जागा कशाने तरी भरून काढावी लागते. हॅना-बार्बेरा यांनी ती आवाजाने भरली. 'द फ्लिंटस्टोन्स' (१९६०-१९६६) या मालिकेत फ्रेड धावावयास निघतो तेव्हा त्याचे पाय जागच्या जागी गरगरतात, बोंगो वाद्याचा ठेका ऐकू येतो आणि मग तो एकदम पडद्याबाहेर जातो. पायांची काही मोजकी चित्रे आळीपाळीने दाखविलेली असतात. शरीराचे वजन, पाऊल उचलण्यापूर्वीची तयारी, वेगाचा चढता क्रम यांपैकी फारसे काही चित्रात नसते. तरीही प्रेक्षकाला धावणे जाणवते, कारण ठेक्याने ते कानाला सांगितलेले असते. टॉम आणि जेरीच्या लघुपटांत संवाद जवळजवळ नव्हतेच. दूरचित्रवाणीवरील पात्रे मात्र अखंड बोलतात. डॉज बटलर आणि डॉन मेसिक यांच्यासारख्या आवाजी नटांनी एकेका मालिकेत अनेक पात्रे उभी केली. संवाद आधी ध्वनिमुद्रित होतात आणि चित्रे नंतर त्यांच्या मापाने काढली जातात, ही बाब लक्षात घेतली म्हणजे नटाचा अभिनय हा या कलाकृतीचा पाया ठरतो, हे स्पष्ट होते.

चक जोन्स या थोर ॲनिमेशन-दिग्दर्शकाने अशा कार्टूनांना 'सचित्र रेडिओ' म्हणून हिणविले होते. चित्र झाकूनही जर सगळे कळत असेल, तर चित्राचे प्रयोजन काय, असा त्यांच्या टीकेचा रोख होता. ही टीका अंशतः मान्य करावी लागते. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून शनिवारी सकाळी प्रसारित होणाऱ्या मालिकांत एकच कथासूत्र, तेच पाठलाग आणि तीच वळणे यांची एवढी पुनरावृत्ती झाली की पद्धतीचा साचा बनला. हॅना-बार्बेरा यांच्या संस्थेचा या साचेबंदपणात मोठा वाटा होता, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु जोन्स यांच्या टीकेत एक गृहीतक दडलेले आहे. ॲनिमेशनचे सारसर्वस्व हालचालीत आहे, ध्वनी हा उपरा घटक आहे, असे ते गृहीतक होय. दूरचित्रवाणीचा पडदा लहान, कृष्णधवल आणि घरातील गोंगाटात पाहिला जाणारा होता. तेथे डिस्नेच्या शैलीतील सूक्ष्म हालचाली हरवून गेल्या असत्या. ठळक बाह्यरेषा, मोठे चेहरे आणि स्पष्ट आवाज हे त्या माध्यमाचे व्याकरण होते. त्या व्याकरणाचे नियम चित्रपटगृहाच्या कसोटीवर तपासणे न्याय्य होणार नाही.

तेझुका आणि स्थिरतेचा उपयोग

जपानमध्ये ओसामु तेझुका यांनी १ जानेवारी १९६३ रोजी 'तेत्सुवान आतोमु' ही साप्ताहिक मालिका सुरू केली. पाश्चात्त्य जगाला ती 'अ‍ॅस्ट्रो बॉय' या नावाने माहीत आहे. १९६६ अखेरपर्यंत तिचे १९३ भाग झाले. तेझुका यांनी एक चित्र तीन चौकटींसाठी वापरले, म्हणजे सेकंदाला फार तर आठ चित्रे. एकदा काढलेली चित्रे जपून ठेवून पुढील भागांत पुन्हा वापरण्यासाठी त्यांनी चित्रांची पेढीच उभारली.

तेझुका मुळात चित्रकथाकार होते. चित्रकथेचा वाचक स्थिर चौकटींमधून गती कल्पितो, हे त्यांना ठाऊक होते. त्यामुळे पडद्यावर चित्र थिजले असता त्यांनी ते केवळ बचतीसाठी थिजविले नाही. कोनाचा बदल, स्थिर चित्रावरून कॅमेऱ्याचे सरकणे, तीव्र भावनेच्या क्षणी थांबलेला चेहरा यांतून त्यांनी नाट्य साधले. जपानी ॲनिमेशनमधील स्थिरतेचे जे सौंदर्य पुढे जगभर नावाजले गेले, त्याचे मूळ या टंचाईत आहे.

तथापि या कथेला दुसरी बाजू आहे. तेझुका यांनी आपली मालिका प्रत्यक्ष खर्चापेक्षा कमी दरात विकली व तूट अन्य मार्गांनी भरून काढण्याचे धोरण ठेवले. त्यामुळे जपानी दूरचित्रवाणीवर ॲनिमेशनचे दर कायमचे खाली राहिले आणि त्याचा भार पुढील पिढीतील चित्रकारांवर पडला, अशी टीका हायाओ मियाझाकी यांच्यासारख्या कलावंताने केली आहे. काटकसरीचे सौंदर्य आणि काटकसरीचे शोषण ही एकाच निर्णयाची दोन फळे असू शकतात, हे यावरून दिसते. समीक्षेने पहिल्याचे कौतुक करताना दुसऱ्याकडे डोळेझाक करणे उचित नव्हे.

'द सिम्पसन्स' : श्रेय कोणाचे?

मॅट ग्रोनिंग यांनी निर्माण केलेली सिम्पसन कुटुंबातील पात्रे १९८७ साली एका विविधरंगी कार्यक्रमातील छोट्या प्रवेशांतून प्रथम दिसली आणि १७ डिसेंबर १९८९ पासून त्यांची स्वतंत्र मालिका सुरू झाली. तिची निर्मितीप्रक्रिया पाहिली असता श्रमविभागणीचे संपूर्ण चित्र हाती येते. लेखकमंडळ संहिता तयार करते, नट ती एकत्र बसून वाचतात, आवाज ध्वनिमुद्रित होतात, स्टोरीबोर्ड होतो, त्यावरून कच्ची फीत तयार होते, पात्रांच्या मुख्य मुद्रा अमेरिकेत रेखाटल्या जातात, कोणत्या चौकटीला कोणते चित्र व तोंडाचा कोणता आकार यावा, याचे तक्ते लिहिले जातात, आणि मग हे सर्व साहित्य दक्षिण कोरियातील चित्रशाळेकडे जाते. तेथे मधली चित्रे पूर्ण होतात. एका भागाला अनेक महिने लागतात.

या साखळीतील एक दुवा पाहू. होमर सिम्पसनचा सुप्रसिद्ध उद्गार संहितेत शब्दरूपाने लिहिलेलाच नसतो. तेथे केवळ 'त्रासिक हुंकार' अशा अर्थाची सूचना असते. डॅन कॅस्टेलानेटा या नटाने लॉरेल आणि हार्डी यांच्या जुन्या विनोदपटांतील जेम्स फिनलेसन यांच्या उद्गाराच्या आधाराने तो आवाज घडविला व लांबण काढून तो तोकडा केला. पुढे तक्ता लिहिणाऱ्याने त्याला चौकटी नेमून दिल्या, चित्रकाराने तोंडाचा आकार आणि डोळ्यांची ताठरता दिली. लेखकाने सोडलेली मोकळी जागा नटाने भरली, नटाने केलेल्या ध्वनीचा अर्थ चित्रकाराने लावला. या उद्गाराचा जनक कोण, या प्रश्नाला एकेरी उत्तर नाही.

याउलट 'स्पाँजबॉब स्क्वेअरपँट्स' (१९९९) या स्टीफन हिलेनबर्ग यांच्या मालिकेत पूर्ण संहिता लिहून चित्रकाराकडे देण्याची प्रथा नाही. लेखक कथेचा संक्षिप्त आराखडा देतात आणि संवाद स्टोरीबोर्ड करणारा चित्रकारच चित्रासोबत लिहितो. त्यामुळे तिचा विनोद अधिक दृश्यात्मक आहे, तर 'द सिम्पसन्स'चा विनोद शाब्दिक आणि उपहासप्रधान आहे. निर्मितीची पद्धत ही आशयाला आकार देते, याचे याहून सुबोध उदाहरण मिळणे कठीण. कार्टूनचा समीक्षक केवळ कथासूत्र आणि संदेश तपासत राहिला, तर हा फरक त्याच्या लक्षात येणार नाही.

परदेशी पाठविलेल्या कामाचा प्रश्नही येथेच उपस्थित होतो. ही रीत नवी नाही; 'रॉकी अँड हिज फ्रेंड्स' (१९५९) या मालिकेचे चित्रणकाम मेक्सिकोमध्ये होत असे. हॉलिवुडमधील ॲनिमेशन-कामगारांनी काम परदेशी जाण्याच्या प्रश्नावर १९७९ व १९८२ साली संप केले; दुसऱ्या संपात त्यांची हार झाली. ऑक्टोबर २०१० मध्ये बँक्सी या चित्रकाराने 'द सिम्पसन्स'च्या एका भागासाठी रचलेल्या प्रारंभदृश्यात आशियाई कामगार अंधाऱ्या कोठारात मालिकेची चित्रे रंगवीत असल्याचे दाखविले. मालिकेने स्वतःवर केलेला हा उपहास धीट होता, परंतु त्यातही एक वैगुण्य राहिले. त्या दृश्यातील कामगारांना चेहरा नव्हता, कौशल्य तर नव्हतेच. दोन मुद्रांमधील हालचाल सरळ रेषेत न्यावी की वळणाने, आकार किती ताणावा, नजर हातापूर्वी वळावी की नंतर, हे निर्णय मधली चित्रे काढणाऱ्याला सतत घ्यावे लागतात. तक्ता कितीही काटेकोर असला तरी तो हे सगळे सांगत नाही. या कामाला यांत्रिक ठरविणे मोबदला कमी ठेवण्यास सोयीचे असेल. सौंदर्यशास्त्रीय दृष्ट्या ते खरे नाही.

भारतीय संदर्भ

दादासाहेब फाळके यांनी 'आगकाड्यांची मौज' (१९१५) या लघुपटात आगकाड्या हलविल्या, तेव्हापासून आपल्याकडील ॲनिमेशन साधनांच्या तुटवड्यातच वाढले आहे. १९५६ साली मुंबईत फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून विभागात डिस्नेच्या संस्थेत काम केलेले क्लेअर वीक्स मार्गदर्शनासाठी आले. त्यांच्या हाताखाली तयार झालेले राम मोहन हे पुढे भारतीय ॲनिमेशनचे अध्वर्यू ठरले.

दूरदर्शनच्या प्रेक्षकांच्या स्मरणात असलेला 'एक अनेक और एकता' (१९७४) हा विजया मुळे यांचा शैक्षणिक लघुपट या चर्चेच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. त्याचे ॲनिमेशन भीमसेन यांनी केले व संगीत वसंत देसाई यांनी दिले; त्यास राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. त्यात आकृती सपाट आहेत, हालचाल मोजकी आहे. जाळ्यात अडकलेले पक्षी एकत्र बळ लावून जाळ्यासह उडतात, त्या दृश्यात एकसारख्या आकारांची पुनरावृत्ती आहे. एरवी ही पुनरावृत्ती बचतीची खूण ठरली असती. येथे मात्र एकाचे अनेक होणे आणि अनेकांचे एक होणे हाच कथेचा विषय असल्याने तंत्राची मर्यादा आणि आशय यांचा मेळ बसला आहे. काटकसर अर्थपूर्ण केव्हा होते, याची कसोटी या छोट्या कृतीत मिळते.

१९९० च्या दशकापासून भारतातील अनेक चित्रशाळा परदेशी मालिकांची कामे करू लागल्या. पुढे 'छोटा भीम' (२००८) सारख्या स्वतंत्र मालिकाही लोकप्रिय झाल्या. संगणकावर सांधे जोडून बाहुलीसारखी हलविलेली आजची पात्रे पाहिली की योगी अस्वलाच्या कॉलरची आठवण होते. तंत्र बदलले तरी तर्क तोच आहे. मात्र आपल्याकडील अनेक ॲनिमेशन अभ्यासक्रमांत संगणकप्रणाली हाताळण्यावर जेवढा भर दिला जातो, तेवढा कालांतराचे भान, अभिनयाचे निरीक्षण आणि कथनाची जाण यांवर दिला जात नाही. असे शिक्षण साखळीतील शेवटच्या दुव्यासाठी हात तयार करते. निर्णय घेणारी दृष्टी घडवीत नाही. मधली चित्रे संगणकाकडूनच करवून घेण्याचे प्रयत्न सुरू असताना ही उणीव अधिक जाचक ठरणार आहे.

समारोप

वरील विवेचनावरून काही गोष्टी स्पष्ट होतात. दूरचित्रवाणीवरील कार्टूनची मर्यादा ही आपोआप तिची शैली ठरत नाही. ती मर्यादा जेव्हा संकेतात रूपांतरित होते, फ्रेडच्या पायांना ठेका मिळतो, तेझुकांचे चित्र योग्य क्षणी थांबते, पक्ष्यांची पुनरावृत्ती अर्थ धारण करते, तेव्हाच सर्जन घडते. असे रूपांतर न झाल्यास उरतो तो साचा. दुसरे असे की, हे सर्जन एका व्यक्तीत शोधणे निष्फळ आहे. ते एका हाताने सोडलेली जागा दुसऱ्या हाताने भरण्यात असते. एकच कर्ता गृहीत धरणारी आपली साहित्यसमीक्षेची परिभाषा येथे अपुरी पडते.

या दुसऱ्या निष्कर्षाला नैतिक बाजूही आहे. सर्जन साखळीभर विखुरलेले असेल, तर श्रेय आणि मोबदला साखळीच्या एका टोकाशीच का साचावा, हा प्रश्न समीक्षेच्या कक्षेबाहेर राहत नाही. ज्या वर्गात आपण 'कर्ता' आणि 'कृती' या संकल्पना शिकवितो, त्या वर्गातील काही विद्यार्थी उद्या अशाच एखाद्या चित्रशाळेत मधली चित्रे काढीत बसणार आहेत. त्यांच्या कामाला कोणते नाव द्यावयाचे, हे ठरविण्याची जबाबदारी समीक्षेला टाळता येणार नाही.